दाखल झालेला कागद आणि सिद्ध झालेला कागद : दिवाणी दाव्यातील दस्तऐवजांचे नियम

ठाण्याच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवताना पक्षकारांच्या तोंडून एक वाक्य मी वारंवार ऐकतो : "साहेब, सगळे कागद कोर्टात दिलेले आहेत." हे वाक्य बोलणाऱ्याची अशी ठाम समजूत असते की कागद न्यायालयाच्या फाइलमध्ये गेला, त्यावर शिक्का पडला, म्हणजे तो पुरावा झाला. पुढे तीन-चार वर्षांनी निकालपत्रात "सदर दस्त वादीने शाबीत केलेला नाही" असे वाचायला मिळते तेव्हा त्याला धक्का बसतो आणि न्यायालयाने आपला कागद पाहिलाच नाही असे वाटू लागते. प्रत्यक्षात दिवाणी न्यायालयात कागदाला तीन निरनिराळ्या अवस्थांतून जावे लागते. तो आधी दाखल होतो, मग पुराव्यात स्वीकारला जाऊन त्याला स्वतःचा निशाणी क्रमांक, म्हणजे न्यायालयाने दिलेला ओळख क्रमांक, मिळतो आणि शेवटी निकालाच्या वेळी त्यातील मजकूर खरा मानायचा की नाही हे ठरते. या तीन अवस्थांमधला फरक समजला, तर नियम आपोआप लक्षात राहतात.

समजण्यासाठी एक काल्पनिक पण आपल्याकडे घरोघरी दिसणारे उदाहरण घेऊ. कळव्यात वडिलांच्या नावावर घर आणि थोडी जमीन आहे. वडील वारले. बहीण लग्न होऊन नेरूळला राहते आणि थोरला भाऊ त्याच घरात राहतो. खरेदीखताची मूळ प्रत, घरपट्टीच्या पावत्या, जुने करारनामे असे सगळे भावाच्या कपाटात आहे आणि बहिणीजवळ फक्त झेरॉक्स. बहीण वाटपाचा दावा लावते. स्थावर मालमत्तेचा दावा ती मालमत्ता जिथे आहे तिथल्या न्यायालयात लावायचा असतो, त्यामुळे बहीण नेरूळला राहत असली तरी बेलापूरला न जाता तिला ठाण्याच्या न्यायालयात यावे लागते. भाऊ म्हणतो की वडिलांनी मृत्युपत्र करून घर मला दिले आणि वर बहिणीने स्टॅम्प पेपरवर हक्क सोडल्याचे लिहून दिले आहे. आता यातला कोणता कागद कधी आणि कसा दाखल करायचा ते पाहू.

दाव्यासोबत काय द्यायचे

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ७, नियम १४ हा वादीसाठीचा मूळ नियम आहे (इथे "आदेश" म्हणजे संहितेतील नियमांचा एक गट, न्यायाधीशाचा हुकूम नव्हे). वादी ज्या दस्तऐवजांच्या आधारे दावा करतो किंवा ज्यांच्यावर विसंबतो, त्यांची यादी त्याने दाव्यासोबत दिली पाहिजे आणि ते दस्त व त्यांच्या प्रती त्याच वेळी हजर केल्या पाहिजेत. एखादा दस्त त्याच्या ताब्यात नसेल, तर तो कोणाच्या ताब्यात आहे हे शक्यतो नमूद करायचे असते. आपल्या उदाहरणातील बहिणीसाठी नियमाचा हा भाग सर्वांत मोलाचा आहे. मूळ खरेदीखत भावाजवळ आहे हे तिने दाव्यातच स्पष्ट लिहिले, तर पुढची वाट मोकळी होते. ते न लिहिता नुसती झेरॉक्स जोडली, तर मूळ प्रत कुठे आहे या प्रश्नाला तिला साक्षीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदा उत्तर द्यावे लागते, आणि तिथे दिलेले उत्तर नेहमीच नंतर सुचलेले वाटते.

यादीकडे कारकुनी काम म्हणून पाहू नये. यादीत प्रत्येक दस्ताचा अनुक्रमांक, तारीख, थोडक्यात वर्णन आणि पानांची संख्या असावी. त्याचबरोबर दिलेली प्रत मूळ आहे, प्रमाणित नक्कल आहे की झेरॉक्स, हे स्वच्छ लिहिलेले असावे. "घराचे कागद, पाने १४" अशी नोंद केलेली यादी मी पाहिली आहे. त्या १४ पानांत एक पान कमी आढळले तर ते कधी गेले, हे पुढे कोणीच सांगू शकत नाही. महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांत दाव्याला निशाणी १ आणि तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला निशाणी ५ देण्याचा प्रघात इतका रुळला आहे की वकील त्या अर्जाला नुसते "निशाणी पाच" म्हणतात. कागदांच्या यादीलाही असाच एक निशाणी क्रमांक पडतो. समजा यादीला निशाणी ३ मिळाली, तर तिच्यातील चौथा कागद ३/४ असा ओळखला जातो. या टप्प्यावर क्रमांक यादीला मिळालेला असतो. तो कागद स्वतः अजून पुराव्यात आलेला नसतो, आणि बहुतेक पक्षकारांची गफलत नेमकी इथेच होते.

दाव्याखाली पक्षकाराची सही व सत्यापन लागते आणि सोबत शपथपत्रही जोडावे लागते. न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्राला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाने मुद्रांक शुल्कातून सूट दिलेली आहे, त्यामुळे त्यासाठी स्टॅम्प पेपरची रांग लावण्याची गरज नाही. न्यायालय शुल्क ही वेगळी बाब आहे आणि ते द्यावेच लागते. आता ई-फायलिंगची सोय आली असली तरी मूळ दस्त तपासण्यासाठी न्यायालयासमोर प्रत्यक्ष आणावाच लागतो, त्यामुळे स्कॅन केल्यावर मूळ कागद निष्काळजीपणे ठेवून देऊ नये.

प्रतिवादीची बाजू

प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. वादीला जसा नियम १४, तसा प्रतिवादीला आदेश ८, नियम १अ लागू होतो : आपल्या बचावाचे दस्त त्याने कैफियतीसोबत यादीसह द्यायचे. म्हणजे भावाजवळ मृत्युपत्र असेल, तर ते कैफियतीसोबतच यायला हवे. मृत्युपत्र असल्याचे कैफियतीत म्हणायचे आणि प्रत्यक्ष कागद मात्र बहिणीची साक्ष संपल्यावर काढायचा, हा डाव समजून बरेच जण करतात. पण न्यायाधीशाच्या मनात अशा कागदाबद्दल पहिल्याच क्षणी शंका उभी राहते.

कैफियत लिहिताना प्रतिपक्षाच्या कागदांबद्दल मोघम बोलू नये, असे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. "वादीचे सर्व कागद नाकबूल" या एका ओळीचा फारसा उपयोग नसतो. सही नाकारायची आहे, मजकूर नाकारायचा आहे की फक्त त्यातून काढलेला अर्थ नाकारायचा आहे, हे दस्तागणिक सांगावे. आदेश १२ प्रमाणे एक पक्ष दुसऱ्याला ठरावीक दस्त कबूल करण्याची नोटीस देऊ शकतो आणि त्या नोटिशीला स्पष्ट नकार आला नाही, तर दस्त कबूल मानला जाऊ शकतो. या नोटिशीचा वापर आपल्याकडे फारच कमी होतो. तो झाला, तर नोंदणीकृत खरेदीखतासारखा कोणीच न नाकारलेला कागद सिद्ध करण्यासाठी दोन-दोन वर्षे साक्षीदार आणत बसावे लागणार नाही.

उशिरा सापडलेला कागद

मूळ दस्त मुद्दे काढण्यापूर्वी (म्हणजे वादातील कोणते प्रश्न ठरवायचे हे न्यायालय निश्चित करण्यापूर्वी) किंवा मुद्दे काढताना हजर करावेत, असे आदेश १३, नियम १ सांगतो. सध्याच्या स्वरूपातील हा नियम १ जुलै २००२ पासून लागू आहे. वेळेवर न दिलेला कागद नंतर दाखल करायचा असेल, तर न्यायालयाची परवानगी लागते आणि त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्यावर समोरच्या पक्षाचे म्हणणे येते आणि मग आदेश होतो.

अशा अर्जात नव्वद टक्के वेळा एकच कारण लिहिलेले असते, ते म्हणजे "नजरचुकीने राहून गेले". हा आकडा मोजून काढलेला नाही, पण रोज अर्ज वाचणाऱ्याला तो अतिशयोक्तीचा वाटणार नाही. कागद पूर्वी का दिला नाही, तो वादाच्या मुद्द्याशी किती निगडित आहे आणि आता स्वीकारल्यास समोरच्याचे असे नुकसान होईल का जे खर्च देऊन भरून निघणार नाही, हे न्यायालय पाहते. म्हणून अर्जात खरी हकीकत लिहावी. दुय्यम निबंधक कार्यालयात नकलेसाठी अर्ज कोणत्या तारखेला केला, नक्कल कोणत्या तारखेला मिळाली, मधल्या काळात पाठपुरावा कसा केला, हे पावत्यांसह मांडले, तर परवानगी मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते. दावा लावतेवेळी हा कागद अस्तित्वात असल्याचे अर्जदाराला ठाऊक होते की नाही, हेही लपवू नये.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराचा उलटतपास घेताना त्याला दाखवण्यासाठी आणलेला किंवा साक्षीदाराची आठवण ताजी करण्यापुरता त्याच्या हाती दिलेला कागद आधी दाखल केलेला नसला तरी चालतो. स्वतः पक्षकार साक्ष देत असेल, तर त्याला साक्षीदार म्हणायचे का, यावर महाराष्ट्रातील न्यायालयांत बराच काळ मतभेद होते. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पक्षकार आणि साक्षीदार असा भेद या बाबतीत करता येणार नाही असे स्पष्ट केले. भाऊ साक्षीत म्हणाला की बहिणीला मी कधी पैसे पाठवलेच नाहीत, तर त्यानेच लिहिलेले पत्र त्याच्यापुढे ठेवता येते, ते या अपवादामुळे. मात्र आपल्या दाव्याचा मूळ आधारच असलेला दस्त राखून ठेवण्यासाठी हा अपवाद नाही, हे विसरू नये.

यादीतला कागद पुराव्यात कसा येतो

साक्षीचा टप्पा आला की सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने दिलेली साक्ष, शपथपत्रावर दिला जातो. शपथपत्रात साक्षीदार म्हणतो, "यादी निशाणी ३ मधील अनुक्रमांक ४ चा दस्त मला दाखवला, तो तोच आहे, त्यावरील सही माझी आहे." इतके म्हटल्याने दस्त आपोआप पुराव्यात येत नाही. त्याची शाबिती (तो खरा असल्याचे सिद्ध होणे) व ग्राह्यता (तो पुरावा म्हणून घेता येणे) यावर न्यायालय आदेश करते. दस्त स्वीकारला गेला, की आदेश १३, नियम ४ प्रमाणे त्याच्यावर दाव्याचा क्रमांक, तो हजर करणाऱ्याचे नाव, हजर केल्याची तारीख आणि तो स्वीकारल्याची नोंद केली जाते आणि न्यायाधीश त्यावर सही करतात. तेव्हा ३/४ असलेल्या कागदाला निशाणी ४२ असा स्वतःचा क्रमांक मिळतो. ज्याची शाबिती अजून व्हायची आहे, तो कागद ओळखीपुरता "आर्टिकल" म्हणून चिन्हांकित केला जातो. आपल्या कागदाला निशाणी पडली की तो आर्टिकलच राहिला, हे पक्षकाराने वकिलाला निःसंकोच विचारावे. त्याचे उत्तर रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारखेगणिक नोंदींत, आणि साक्षीच्या नकलेत लिहिलेले असते.

पुराव्याचा कायदा १ जुलै २०२४ पासून बदलला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. त्या दिवशी सुनावणी प्रलंबित असलेल्या प्रकरणांना जुनाच कायदा लागू राहतो, म्हणून ठाण्याच्या एकाच न्यायदालनात एकाच दिवशी दोन्ही कायदे वापरले जाताना दिसतात. मूळ तत्त्व मात्र तेच आहे : दस्ताचा मजकूर मूळ दस्तानेच सिद्ध करायचा आणि नक्कल फक्त कायद्याने सांगितलेल्या परिस्थितीत चालते.

इथे बहिणीच्या झेरॉक्सचा प्रश्न येतो. मूळ खरेदीखत भावाजवळ आहे, म्हणून तिने आधी त्याला ते हजर करण्याची लेखी नोटीस द्यायची. नोटीस देऊनही त्याने ते आणले नाही, तर नक्कल दुय्यम पुरावा म्हणून देण्याचा मार्ग खुला होतो आणि दस्त दडवणाऱ्याविरुद्ध न्यायालय प्रतिकूल अनुमानही काढू शकते, म्हणजे तो दस्त त्याच्या विरुद्ध जाणारा असावा असे मानू शकते. खरे तर नोंदणीकृत खरेदीखताच्या बाबतीत तिने झेरॉक्सवर अवलंबून राहूच नये. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढली, तर मूळ दस्तातील मजकुराचा पुरावा म्हणून नोंदणी कायद्यानुसार ती ग्राह्य असते. सातबारा उतारा, फेरफार, मिळकत पत्रिका यांच्याही प्रमाणित नकलाच द्याव्यात. संकेतस्थळावर नुसता पाहण्यासाठी दिसणारा उतारा छापून आणणे आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा आणणे यांत फरक आहे. बँकेच्या खातेउताऱ्याला बँकर्स बुक्स एव्हिडन्स अधिनियम, १८९१ प्रमाणे बँकेचे प्रमाणपत्र लागते. मोबाइलवरून काढलेल्या छापील पानांवर शाखेचा गोल शिक्का मारून आणला म्हणजे काम झाले असे नाही.

व्हॉट्सॲपवरील संदेश, ध्वनिमुद्रण, ई-मेल यांच्या छापील प्रतींसोबत प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यात ते कलम ६५ब खाली होते आणि नव्या कायद्यात कलम ६३ खाली आहे. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक साधन वापरणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे तपासण्याचा तिचा सांकेतिक ठसा, नोंदवावे लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. मात्र मूळ साधनच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले तर त्याची गरज राहत नाही. म्हणून ज्या मोबाइलवर महत्त्वाचे संदेश आहेत तो बदलताना जुना मोबाइल देऊन टाकू नये, असे मी कळकळीने सांगतो. दुकानात पाचशे रुपये सूट मिळावी म्हणून दिलेल्या मोबाइलबरोबर दाव्यातला सर्वांत सबळ पुरावा गेल्याचे मी पाहिले आहे.

शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचे हक्कसोडपत्र

आता भावाकडील दोन कागद. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण ते सिद्ध करण्यासाठी त्यावर साक्षीदार म्हणून सही केलेल्यांपैकी निदान एकाला, तो हयात आणि साक्ष देण्याच्या स्थितीत असेल तर, न्यायालयात बोलवावेच लागते. मृत्युपत्र दाखल करून आणि स्वतः साक्ष देऊन थांबलेल्या भावाला, त्याच्या कागदाला निशाणी पडली असली तरी, निकालात त्याचा लाभ मिळत नाही.

हक्कसोडपत्राची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि ठाणे-नवी मुंबईत तिने जितके घोळ घातले आहेत तितके दुसऱ्या कागदाने क्वचितच घातले असतील. स्थावर मालमत्तेतील १०० रुपये किंवा अधिक किमतीचा हक्क सोडणारा दस्त नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. नोटरीपुढे केलेली सही म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसेल, तर हक्क गेला हे दाखवण्यासाठी तो कागद पुराव्यात घेता येत नाही. मुद्रांक अपुरा असणे ही याहून वेगळी उणीव आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त पुराव्यात चालत नाही, पण तो अटकावून ठेवून कमी पडलेले शुल्क आणि दंड भरून घेतला की ही अडचण दूर होते. नोंदणीला मात्र चार महिन्यांची मुदत आहे आणि दंड भरून ती आणखी चार महिने मिळू शकते. ती वेळ निघून गेली, की तोच दस्त दुरुस्त करण्याचा सोपा उपाय उरत नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराबाबतही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ लेखी व नोंदणीकृत करार सक्तीचा करते आणि तो नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

समोरच्याने असा कागद आणला, तर हरकत केव्हा घ्यायची? लगेच. मुद्रांकाबद्दलची हरकत दस्त पुराव्यात घेतला जात असतानाच घ्यावी लागते. एकदा तो स्वीकारला गेला की त्या कारणाने नंतर प्रश्न उपस्थित करता येत नाही. मूळ न आणता झेरॉक्स आणली, सही करणाऱ्याला बोलावले नाही, अशा सिद्ध करण्याच्या पद्धतीविषयीच्या हरकतीही त्याच वेळी घ्याव्यात, कारण तेव्हा घेतल्या तर समोरच्याला चूक सुधारता येते आणि नंतर घेतल्या तर न्यायालय त्या सोडून दिल्या असे मानते. जो कागद मुळातच कायद्याने ग्राह्य नाही, त्याबद्दलची हरकत मात्र पुढेही, अगदी अपिलातही, घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला आहे.

जुने कागद, मोडी कागद

महाराष्ट्रातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे, त्यामुळे गुजराती किंवा अन्य भाषेतील दस्तासोबत भाषांतर द्यावे. आगरी-कोळी कुटुंबांच्या जुन्या जमिनींच्या वादात मोडीतील कागद अजूनही निघतात. त्यांचे लिप्यंतर मोडी जाणणाऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावे आणि गरज पडल्यास साक्ष देण्यास तिची तयारी आहे का, हे आधीच विचारून ठेवावे. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. त्यातील मजकूर खरा असल्याचे गृहीत धरले जात नाही.

वाद व्यापारी स्वरूपाचा असेल आणि त्याचे मूल्य ३ लाख रुपये किंवा अधिक असेल, तर व्यापारी न्यायालये अधिनियम, २०१५ चे नियम लागू होतात आणि ते बरेच कडक आहेत. तिथे आपल्या ताब्यातील संबंधित सर्व दस्त, आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा, सत्यकथनाच्या शपथेवर उघड करावे लागतात आणि कैफियतीला १२० दिवसांनंतर मुदत मिळत नाही. वाशीच्या बाजारातील व्यापाऱ्याने थकबाकीचा दावा लावताना हा फरक पहिल्याच भेटीत वकिलाकडून समजून घ्यावा. हिशेबाची वही हा मूळ पुरावा असला तरी ती वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडत नाही. नोंदीची प्रत देऊन, न्यायालयाकडून पडताळणी करून घेऊन वही परत मिळते.

मूळ कागद परत घेणे

दावा संपला की लोक न्यायालयाकडे पाठ फिरवतात आणि मूळ दस्त तिथेच राहतात. अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपील निकाली निघाल्यावर आदेश १३, नियम ९ प्रमाणे अर्ज करून ते परत घेता येतात. त्याआधी हवे असतील, तर प्रमाणित नक्कल ठेवून आणि सांगितल्यावर मूळ दस्त पुन्हा हजर करण्याची हमी देऊनही ते मिळू शकतात. निकालाने जो दस्त पूर्णपणे रद्द किंवा निरुपयोगी झाला, तो मात्र परत मिळत नाही. सिडकोचे वाटपपत्र किंवा सोसायटीचा भाग दाखला अशा रीतीने रेकॉर्ड रूममध्ये राहिला, तर दहा वर्षांनी घर विकताना किंवा कर्ज घेताना मुलांची धावपळ होते आणि तोवर जुनी फाइल नष्ट करण्याची मुदतही जवळ आलेली असू शकते. या अर्जासाठी दाव्याचा क्रमांक, सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला संगणकाने दिलेला स्वतंत्र क्रमांक), यादीची निशाणी आणि दस्ताला पडलेली निशाणी इतकी माहिती पुरते. म्हणून निकालाच्या नकलेबरोबरच आपल्या सर्व याद्यांच्या प्रतीही घरी जपून ठेवाव्यात.